ट्युटोरियलला मुलं गप्प बसतात, गणितं मीच सोडवते: काय करू?

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी एका कॉलेजात यंदाच तासिका तत्त्वावर लागले आहे. एफवायबीएस्सीच्या केमिस्ट्रीची ट्युटोरियल माझ्याकडे आहेत, २४-२४ मुलांच्या दोन बॅच. मुलं काही बोलत नाहीत. शेवटी मीच फळ्यावर गणितं सोडवते आणि ती उतरवून घेतात. युनिट टेस्टला तेच गणित आकडे बदलून दिलं की अर्ध्याअधिक पेपरांत जागा कोरी. ट्युटोरियल नक्की घ्यायचं कसं?

उत्तर :

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझं नोकरीतलं दुसरं वर्ष आठवलं. तेव्हा मीही हेच करत होते, आणि मला ते फार छान जमतंय असा माझा समज होता. फळा डावीकडून उजवीकडे भरत जायचा, मुलं माना डोलवायची, 'मॅडम मस्त शिकवतात' असं कानावर यायचं. अमोनियाचं गणित मी तीनदा सोडवून दिलं होतं: २८ ग्रॅम नायट्रोजन, ६ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती? ३४ ग्रॅम. टेस्टला मी १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन दिला. पेपर तपासायला घेतले तर कुणाचं २०, कुणाचं ३४, कुणाचं साडेआठ. एका मुलीनं तर माझं २८ ग्रॅमचं गणितच जसंच्या तसं उतरवलं होतं आणि ३४ खाली दोन रेघा मारल्या होत्या. बरोबर उत्तर होतं १७. ते चौघांचं आलं.

पहिले दोन दिवस मी मुलांवर चिडले. तिसऱ्या दिवशी शांतपणे बसून ती उत्तरं पाहिली, तेव्हा लक्षात आलं की गोंधळ मीच घातला होता. २८ आणि ६ यांची बेरीजच ३४ होते. 'दोन्ही आकडे मिळवायचे' असं ज्याच्या डोक्यात बसलं होतं त्याचं उत्तर माझ्या फळ्यावर तीनही वेळा बरोबरच येत होतं! त्याला आपलं चुकतंय हे कळणार कुठून? मलाही कळायला वाव नव्हता. १४ आणि ६ घेतल्यावर मात्र प्रत्येक चुकीचा चेहरा वेगळा दिसायला लागला. २० लिहिलं त्यानं बेरीज केली. ३४ लिहिलं त्यानं फक्त हायड्रोजन पाहिला: तीन मोल (मोल हे कण मोजायचं एकक, त्याबद्दल पुढे सांगते) हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया, म्हणजे ३४ ग्रॅम. नायट्रोजन तेवढा आहे का, हे पाहिलंच नाही. साडेआठ लिहिलं त्यानं नायट्रोजनला अर्धा मोल बरोबर काढलं, पण एका नायट्रोजनपासून दोन अमोनिया होतात हे समीकरणातून वाचलं नाही. आणि १७ वाल्याला विचारायचं की उरलं काय? तीन ग्रॅम हायड्रोजन उरतो, आणि १७ अधिक ३ म्हणजे पुन्हा २०. बेरीजवाल्याला पण त्याचे २० मिळाले, फक्त ते अमोनियाचे नव्हेत.

तुम्हाला जे सांगायचंय ते सगळं या एका गणितात आहे. ट्युटोरियल ही चुका उघड्यावर आणायची जागा. त्यासाठी प्रश्न असा रचावा लागतो की प्रत्येक चुकीच्या विचाराचं उत्तर वेगळं यावं, म्हणजे वहीतला आकडा बघताच मूल कुठल्या वळणावर भरकटलं ते तुम्हाला कळेल. मुलांना बोलतं करायच्या युक्त्या पुढे सांगते, पण त्या नंतरच्या. आधी घरी बसून आकडे निवडायचे. एक ट्युटोरियल शीट काढायला मला अजूनही लेक्चरच्या तयारीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्यात असतात फक्त चार प्रश्न. दहा प्रश्नांचं शीट दिलं की मुलं उरकायला लागतात, आपणही.

आता लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, निघालाच आहे तर वडापावाबद्दल बोलते, कारण तुम्हीही तो वापरत असणार. बारा पाव आणि सात वडे असले तर किती वडापाव? सात. मुलं हसतात, सगळ्यांना येतं. मी कितीतरी वर्षं हे उदाहरण दिलं आणि नंतर अमोनियावर गाडी तिथेच अडायची. कारण मुलांची अडचण वडापावात नव्हतीच. पाव मोजून येतात, नायट्रोजन तोलून येतो. अडचण वजनावरून संख्येवर यायची आहे, आणि वडापावाचं उदाहरण नेमकी तेवढीच पायरी गिळून टाकतं. आता मी खिळे घेते. हार्डवेअरच्या दुकानात खिळे किलोवर मिळतात, दाराला मात्र नगावर लागतात. अर्धा किलो एक इंची खिळे आणि अर्धा किलो तीन इंची खिळे, नग सारखे येतील का? इथे पोरं थांबतात. सुताराच्या घरातला एखादा असेल तर तो लगेच सांगतो. मग एका खिळ्याचं वजन माहीत असेल तर नग कसे काढशील, हे ते स्वतःच करतात, आणि 'मोल' हा शब्द त्यानंतर येतो.

याच शब्दानं मराठी मुलाला आणखी एक हिसका बसतो. आपल्याकडे मोल म्हणजे किंमत. मोलमजुरी, मोलकरीण, अनमोल. 'मॅडम, मोल म्हणजे कसली किंमत?' असं मला एका मुलानं खरंच विचारलं होतं आणि वर्ग हसला होता. मला तो प्रश्न आवडला. मोल ही निव्वळ संख्या आहे, डझनासारखी. पूर्वी तिची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरून केली जायची, त्यामुळे ग्रॅम मध्ये घुसायचे आणि मुलांना मोल हे वजनच वाटायचं. २० मे २०१९ पासून व्याख्याच बदलली: एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण, बस. जुन्या नोट्स अजून फिरताहेत, तेव्हा वर्गात हे मुद्दाम सांगा.

दुसरं एक ट्युटोरियल थोडं सविस्तर सांगते, कारण ते मी सगळ्यात जास्त वेळा घेतलंय. यासाठी लॅबमधून दोन बीकर, पीएच पेपर (आम्लता रंगावरून दाखवणारी पट्टी), एक ब्युरेट (थेंब थेंब सोडायची मापाची नळी) आणि फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा सूचक) एवढंच लागतं. लॅब असिस्टंटला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. बीकर 'अ'मध्ये ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) ॲसेटिक आम्ल, बीकर 'ब'मध्ये ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. कशात काय आहे ते सांगायचं नाही. वासावरून काहींना 'अ' कळतंच, हरकत नाही. एका मुलीला पीएच पेपर लावायला सांगायचं. दोन्हीकडे तीनच्या आसपासचा तोच रंग. हिशोबानं 'अ'चा पीएच २.८७ येतो, 'ब'चा ३. पेपरला तेवढा फरक दिसत नाही.

मग प्रश्न: दोन्हींतून १०-१० मिली घेतलं. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड कशाला किती लागेल? प्रत्येक गटानं आकडा कागदावर लिहायचा, कागद उलटा ठेवायचा. लिहिल्याशिवाय ब्युरेटला हात लावायचा नाही. हा नियम फार महत्त्वाचा. लिहून ठेवलं नाही तर नंतर सगळे म्हणतात, 'मला हेच वाटलं होतं.' बहुतेक गट लिहितात 'दोन्हींना सारखं'. पीएच सारखा आहे ना!

आधी 'ब' करायचं. पहिला थेंब, दुसरा थेंब, आणि गुलाबी. ०.१ मिली, म्हणजे साधारण दोन थेंब. मुलांना वाटतं मॅडमचं काहीतरी चुकलं. पुन्हा करायला लावायचं, दुसऱ्या कुणालातरी. पुन्हा तेच. मग 'अ'. दोन थेंब, काही नाही. एक मिली, काही नाही. पाच मिली, गुलाबी येतो आणि हलवलं की जातो. या वेळी वर्गात जी शांतता असते ती तुमच्या हल्लीच्या शांततेपेक्षा वेगळी असते, बघाल तुम्ही. दहा मिलीला रंग टिकतो. शंभर पट फरक.

आता तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं: 'पीएच सारखा होता, मग हे बाकीचं आम्ल आलं कुठून?' आणि गप्प बसायचं.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तोवर कधी बोलला नव्हता, हळूच म्हणाला, 'मॅडम, ते आतच होतं. सुटं नव्हतं.' मी विचारलं, सुटं म्हणजे? तो म्हणाला, 'खिशात पैसे असतात पण सुटे नसतात, तसं.' त्या बॅचला वीक ॲसिड मला शिकवावं लागलं नाही. ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी त्या द्रावणात साधारण १३ रेणूंचाच प्रोटॉन सुटा असतो. पीएच त्या सुट्यांचा. ब्युरेटमधला अल्कली मात्र सुटे संपवत जातो तसतसे आणखी सुटत जातात, शेवटपर्यंत. समतोल 'सरकतो' म्हणजे काय, हे त्या थेंबांत दिसतं. वर्गमूळ काढून पीएच काढायचं सूत्र मी त्यानंतर देते. आधी सूत्र दिलं की मुलं त्यात आकडे घालतात आणि १३ रेणूंचा विचार कुणीच करत नाही.

ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. रसायनशास्त्रात आपण एकाच दमात तीन मजल्यांवर उड्या मारतो: डोळ्यांना दिसतं ते, अणुरेणूंच्या पातळीवर घडतं ते, आणि चिन्हांत-समीकरणांत लिहितो ते. आपल्याला सवय असते, मुलाला प्रत्येक उडीला धाप लागते. वरच्या ट्युटोरियलमध्ये आधी गुलाबी रंग, मग सुटे-बांधलेले रेणू, मग समीकरण, असा एकेक मजला येतो. तुमच्या शीटवरचा प्रश्न वाचून स्वतःला विचारा की मी मुलाला एकाच ओळीत तिन्ही मजले चढायला लावतेय का.

यातूनच दुसरी सवय लावून घ्या: चित्र काढायला लावणं. नायट्रोजनचे दोन रेणू, हायड्रोजनचे नऊ रेणू एका चौकटीत काढा, अभिक्रियेनंतरची चौकट काढा. वर्तुळं काढायची, अक्षरं लिहायची नाहीत. समीकरण बिनचूक संतुलित करणारी मुलं इथे सहा हायड्रोजन एकाला एक चिकटलेली लांब माळ काढतात, किंवा उरलेले तीन हायड्रोजन काढायचेच विसरतात. अमेरिकेत नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी १९८७ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, की गणित सुटणं आणि कणांचं चित्र समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणित सोडवणारे बरेच विद्यार्थी चित्राच्या प्रश्नावर अडतात. आपल्या मुलांनी ते दरवर्षी नव्यानं सिद्ध केलं आहे.

भाषेकडे वळते, कारण तुमच्या कॉलेजात तोच मोठा भाग असणार. दहावीपर्यंत मराठी, अकरावीपासून सायन्स इंग्रजीत, आणि ती दोन वर्षं क्लासच्या नोट्सवर गेलेली. 'स्ट्राँग' आणि 'कॉन्सन्ट्रेटेड' यांतला फरक मुलाला कळत नाही, कारण त्याच्या घरी स्ट्राँग चहा म्हणजे जास्त पत्तीचा चहा. तो कॉन्सन्ट्रेटेड चहा झाला! मराठीतही 'सौम्य' म्हटलं की कुणी वीक समजतो, कुणी पातळ केलेलं. मी फळ्याच्या एका कोपऱ्यात वर्षभर चार शब्द पुसू देत नाही: तीव्र-सौम्य ही आम्लाची जात, संहत-विरल हे आम्ही किती पाणी घातलं ते. आणि बॅचमध्ये एखादं मूल हिंदी माध्यमातून आलेलं असेल तर सांभाळा. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. तुम्ही 'अणू' म्हणाल आणि ते मूल रेणू ऐकेल. मला हे कळायला सहा वर्षं लागली.

माझा नियम असा की गटात बोलायचं मराठीत, लिहायचं इंग्रजीत. 'इंग्लिशमध्येच बोला' असा फतवा काढला की आधीच कमी बोलणारी मुलं पूर्ण बंद होतात. मात्र प्रश्नातली क्रियापदं त्यांना एकदा नीट समजावून द्या. कॅल्क्युलेट म्हणजे आकडा काढा, प्रेडिक्ट म्हणजे आधीच सांगा काय होईल, जस्टिफाय म्हणजे तसं का ते लिहा. 'जस्टिफाय' दिसलं की अर्धी मुलं व्याख्या लिहून मोकळी होतात. 'इन एक्सेस' (गरजेपेक्षा जास्त) हे तर मोबाइलमधल्या 'ॲक्सेस'चं भावंड समजून सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना रसायनशास्त्र येत होतं, शब्द आडवा आला होता.

सीईटीचंही एक देणं घेऊन ती येतात. एमएचटी-सीईटीला केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, एकेका मार्काचे, फिजिक्स धरून दीड तास, आणि चुकीला मार्क कापत नाहीत. दोन वर्षं याच घाण्याला जुंपलेलं मूल पर्याय खोडायला शिकतं. पर्याय काढून घेतले की त्याच्या हातातलं हत्यारच जातं. त्याला नावं ठेवण्यापेक्षा ती सवय वापरून घ्या. अमोनियाचं तेच गणित चार पर्यायांसह द्या: २०, ३४, ८.५, १७. उत्तर १७ हेही सांगून टाका. मग विचारा: बाकीच्या तिघांनी काय विचार केला असेल? प्रत्येकाची चूक एका वाक्यात लिहा. यात ती रमतात, कारण चूक दुसऱ्याची असते. आणि तीन वाक्यं लिहिता लिहिता एखादा गप्प होतो, कारण त्यातली एक त्याची स्वतःची निघते.

मोबाइलवर उत्तर शोधून आलेल्यांसाठीही हाच उपाय. पूर्ण सोडवलेलं पण एका ठिकाणी चुकलेलं गणित द्या आणि चूक शोधायला सांगा: तापमान सेल्सिअसमध्येच ठेवलंय, किंवा दाब किलोपास्कलमध्ये आणि वायूचा स्थिरांक आर मात्र लिटर-ॲटमॉस्फियरमधला ०.०८२१ घेतलाय.

आता तुमचा मूळ त्रास, मुलं गप्प बसतात तो. चोवीस जणांना एकदम विचारलेला प्रश्न कुणाचाच नसतो. चार-चारांचे सहा गट करा, शक्यतो तुम्हीच करा आणि महिनाभर बदलू नका. गटात मुली असतील तर किमान दोन असू द्या. तीन मुलगे आणि एक मुलगी बसवली की पोरं बोलतात आणि ती सुवाच्य अक्षरात लिहून देते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गट करताना आधी तेवढंच बघते. लिहिणारा दर प्रश्नाला बदलायचा. गटाला एकच शीट द्यायचं. चौघांना चार शीटं दिली की चौघं चार वह्यांत तोंड घालून बसतात.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्ग रेकॉर्ड करून मोजलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब व्हायला लागतात. तीन सेकंद कमी वाटतात, पण गप्प बसलेल्या वर्गासमोर ते संपता संपत नाहीत. मी साडीच्या पदराची टोकं मोजायचे. 'का?' असं थेट विचारू नका, आपल्याकडे 'का' म्हटलं की मुलाला वाटतं चुकलं आणि तो लगेच खोडतो. 'हे २० कुठून आलं, दाखव की' असं म्हटलं की तो बोट ठेवून सांगतो. बरोबर उत्तरालाही तेवढ्याच वेळा 'दाखव' म्हणा, नाहीतर आठवड्याभरात त्यांना कळतं की मॅडम चुकल्यावरच विचारतात.

मदतीला एमएस्सीची मुलं मिळाली तर घ्या, पण एकाच अटीवर: मुलाच्या हातातलं पेन घ्यायचं नाही. हुशार एमएस्सीवाला गटाजवळ जातो, 'अरे सोपंय' म्हणतो, पेन घेतो आणि अर्ध्या मिनिटात सोडवून पुढे जातो. गट खूश, तो खूश, आणि ट्युटोरियल संपलं. हा नियम स्वतःलाही लावा. मी सुरुवातीला दोन्ही हात मागे बांधून वर्गात फिरायचे, मुलं चेष्टाही करायची.

बारावीला मॅथ्स सोडून बायोवर आलेली मुलं लॉगरिदमला घाबरतात. बोर्डाला लॉग टेबल बघून उत्तर काढलेलं असतं, पण लॉग म्हणजे काय ते कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यासाठी एक छोटा प्रश्न ठेवा: हायड्रोक्लोरिक आम्लाचं दहाचा उणे आठ घात मोलर इतकं विरल द्रावण, पीएच किती? सूत्र सांगतं ८. आम्लात पाणी घालत गेलं तर ते अल्कली होईल का? नाही, हे घरातल्या आजीलाही कळेल. मग कुणीतरी म्हणतं, 'पाण्याचे स्वतःचे प्रोटॉन पण आहेत ना.' खरं उत्तर ६.९८ च्या आसपास येतं. तिथपर्यंत वर्गसमीकरण लागतं. ते नाही जमलं तरी चालेल. '८ येऊ शकत नाही' हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की माझं काम झालं.

पोर्शनचं म्हणाल तर त्यावर माझ्याकडे जादू नाही. २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत आलं, एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास, दोन क्रेडिटचा पेपर ३० तासांत संपवायचा. दबाव इतका असतो की ट्युटोरियलचा तास 'पोर्शन संपवायला' वापरावासा वाटतो आणि विभागप्रमुखही तेच सुचवतील. एखाद वेळेस द्यावा लागतो, मीही दिलाय. पण लागोपाठ दोन आठवडे दिलात की मुलं समजतात की हा तास बुडाला तरी चालतो. शिवाय टाइमटेबल ठरताना शेवटचा तास घेऊ नका. चारची एसटी पकडायची असलेलं मूल साडेतीनपासूनच बॅग उचलून बसतं, त्याला मोल-बिल काही दिसत नाही.

वर्गातून आवाज येतो, फळा कोरा असतो, आणि राउंडवर आलेल्या कुणाला तरी वाटतं की नव्या मॅडमना वर्ग आवरत नाही. माझ्या बाबतीत हे झालंय, बोलणीही खाल्ली आहेत. तुम्ही तासिकेवर आहात म्हणून हे आधीच सांगते: गटांची सोडवलेली शीटं तारीख घालून फाइलला लावत जा. इंटर्नलचे मार्क त्यावरच द्या, आणि ते प्रयत्नाला द्या. बरोबर उत्तराला मार्क ठेवलेत की सहाही गटांत एकच उत्तर फिरेल, आणि तुम्हाला हव्या असलेल्या चुका परत लपतील.

शेवटची तीन मिनिटं चिठ्ठीसाठी ठेवा. नाव नाही, एक ओळ: आज काय कळलं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा 'सगळं कळलं मॅडम' एवढंच येईल. पुढच्या ट्युटोरियलची सुरुवात त्यातल्याच एखाद्या खऱ्या चिठ्ठीनं करा, ती मोठ्यानं वाचा, कुणाची म्हणून विचारू नका. एकदा का त्यांना दिसलं की चिठ्ठीचं काहीतरी होतं, की लिहायला लागतात. मला आलेली एक चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये आहे: 'मॅडम, बंध तुटल्यावर ऊर्जा बाहेर पडते असं बायोलॉजीचे सर सांगतात आणि तुम्ही म्हणता लागते. परीक्षेत कोणाचं लिहू?' पुढचा सबंध तास त्या एका ओळीवर गेला. हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल, क्लोरिनचा तोडायला २४२, आणि हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध जुळताना ४३१ दुणे ८६२ परत येतात; हे आकडे मी नुसते फळ्यावर मांडले आणि खाली बसले. जमाखर्च त्यांनीच केला, १८४ शिल्लक राहिले. मग एटीपीत (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत) नक्की काय तुटतं आणि काय जुळतं, हे विचारायला चार मुलं बायोलॉजीच्या सरांकडे गेली. सर मला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भेटले, जरा रागातच होते.

या आठवड्यात एवढंच करा. अमोनियाचं गणित १४ आणि ६ नं द्या, सहा गटांची उत्तरं फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्या, आणि बरोबर कोणतं ते दहा मिनिटं सांगू नका. साडेआठ कुणाचं आलं, ते मला जरूर कळवा.